ग्राफिक्स कार्डावरील खोटा आळ

लोणारच्या काठावर उभ्या राहिलेल्या प्रवाशाला त्या विवराची खोली जाणवते, परंतु सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे ते वर्तुळ एका दृष्टिक्षेपात सामावून घ्यावयाचे तर आकाशातच जावे लागते. आणि हा योग ज्यांच्या आवाक्यात नाही अशा मेहकर-चिखलीकडील जिज्ञासू मंडळींसाठी 1997 पासून विनामूल्य वाटला जाणारा फ्लाइटगिअर हा फ्लाइट सिम्युलेटर उपलब्ध आहे. चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून छोटे सेस्ना विमान उचलून नाकासमोर पूर्वेला हाकले, की अदमासे 115 किलोमीटरांवर लोणार येते. अशा सिम्युलेटरांतील भूमीची उंची बव्हंशी फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानाने रडारद्वारे केलेल्या मोजणीवर आधारलेली असते. त्या मोजणीच्या दर 90 मीटरांच्या आवृत्तीत विवराच्या व्यासाला जेमतेम वीस बिंदू येतात, तरी तेवढ्यावरही त्याचा वाडगा ओळखू येतो.

हे सारे अर्थात सिम्युलेटर सुरू झाला तर. पुष्कळदा धावपट्टी दिसण्यापूर्वीच ग्राफिक्स सुरू होऊ शकत नसल्याची, किंवा ओपनजीएलची आवृत्ती अपुरी असल्याची सूचना झळकते, आणि कार्ड निकामी झाले असे गृहीत धरून मालक खामगावच्या बाजारात नव्या कार्डाचा भाव विचारू लागतो. माझ्या मते ही घाई बहुधा अनाठायी असते.

सिम्युलेटरला डोंगर, ढग आणि विमानाचे पंख असंख्य त्रिकोणांत विभागून ते दृश्य दर सेकंदाला अनेक वेळा नव्याने रेखाटावे लागते, आणि हे काम ग्राफिक्स कार्डाचे असले तरी त्याला थेट हुकूम देण्याचा अधिकार सिम्युलेटरला नसतो; मधे ड्रायव्हर नावाचा मुखत्यार बसलेला असतो, आणि ओपनजीएल किंवा 2016 साली आलेल्या व्हल्कनच्या ठरावीक नमुन्यात आलेला अर्जच तो दाखल करून घेतो. विंडोज नव्याने बसविताना कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर घालावयाचा राहून गेला, तर विंडोज ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ या कामचलाऊ ड्रायव्हरवर वेळ भागविते. त्यावर पत्रे टंकित होतात, चित्रपटही दिसतो, म्हणून कोणास संशय येत नाही. मात्र अशा वेळी हाती उरणारे ओपनजीएल 1.1 हे 1997 सालचे असून, छाया-प्रकाशाचा हिशेब करणाऱ्या शेडर नामक छोट्या प्रोग्रामांची त्याला वार्ताही नाही. त्या वर्षीचा फ्लाइटगिअर कदाचित त्यावर निभावून गेला असता. आजचा निभावत नाही.

म्हणून खर्चापूर्वी रोजनामा वाचावा. फ्लाइटगिअर तो fgfs नावाच्या लॉग फाइलीत लिहितो, एक्स-प्लेन हा दुसरा सिम्युलेटर आपल्याच फोल्डरात. आणि ग्राफिक्स सुरू करण्यापर्यंत मजल गेली असेल तर त्यात कार्डाचे नाव व आवृत्ती बहुधा नमूद असते. तेथे ‘जीडीआय जेनेरिक’ असे आढळले, तर कार्डावरचा आळ खोटा ठरला: डिव्हाइस मॅनेजरमध्ये खातरजमा करून, लॅपटॉप असल्यास प्रथम त्याच्या उत्पादकाच्या आणि एरवी कार्डाच्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावा. लॅपटॉपात एनव्हिडियाचे कार्ड असूनही रोजनाम्यात इंटेलचे नाव दिसले, तर दोन कार्डांपैकी दुबळे कामाला जुंपले गेले आहे असे समजावे, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमधील ग्राफिक्स या सदरात त्या सिम्युलेटरपुरते जोरकस कार्ड नेमून द्यावे. नाव योग्य असूनही अडत असेल, तर कडा मऊ करणारे अँटिअलायझिंग बंद करून आणि अवजड पोत उतरवून पाहावे, कारण कार्डाची स्मृती अपुरी पडल्यासही सुरुवातीलाच माघार घ्यावी लागते.

एक्स-प्लेन 12 ची गोष्ट निराळी. त्याला व्हल्कन अनिवार्य आहे, आणि ज्या जुन्या कार्डांना व्हल्कनचा आधारच नाही त्यांच्या बाबतीत ड्रायव्हर कितीही बदलले तरी अपील चालत नाही. अशांनी ओपनजीएलवर चालणारे एक्स-प्लेन 11 घ्यावे, किंवा फ्लाइटगिअरमधील ढग व झाडी कमी करून लोणार गाठावे. विवर पाहावयास झाडांची दाटी फारशी लागत नाही.