महसीरचा श्वास

हौसेने गळ टाकणाऱ्यांचा लाडका मासा म्हणजे महसीर. त्यातल्या 'टॉर खुद्री' जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल साईक्स यांनी १८३९ साली केले, तेही पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून! याच मुळेला पिंपरी-चिंचवडची पवना दापोडीजवळ मिळते.

महसीरला वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना साडेसातच. त्यात सांडपाणी मिसळले, की ते कुजवणारे जीवाणू हा प्राणवायू वापरून टाकतात. मग मासा गुदमरतो.

लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात महसीरची लाखो पिल्ले वाढवली गेली. पण पिल्ले सोडायची कुठे? सांगा पाहू, आधी गळ हवा, की स्वच्छ नदी?