पिल्लाआधी त्याची आई पाहा

पालघरजवळच्या शिरगाव, सातपाटी, माहीम या किनारपट्टीवर गावठी पिल्लू कोणी विकत घेत नाही. वाडीतली कुत्री व्याली आणि पिल्लांचे डोळे उघडले, की पोरंच ती आपापसांत वाटून घेतात. पैशांचा प्रश्न येतो तो लॅब्राडोर, पग, शित्झू किंवा हस्की हवा असला की. मग पालघर-बोईसरमध्ये चौकशी होते, कोणी गाडी पकडून थेट क्रॉफर्ड मार्केट गाठतो, तर कोणी फोनवरच्या जाहिराती चाळत बसतो. फसवणुकीचे दोन वेगळे प्रकार याच वाटेवर भेटतात. एकात पिल्लू मुळात नसतंच. दुसऱ्यात पिल्लू असतं, पण ते कुठून आलं हे लपवलेलं असतं.

पहिला प्रकार ओळखायला तुलनेने सोपा आहे. बाजारभावाच्या निम्म्या किमतीत गोंडस पिल्लाचा फोटो दिसतो. विकणारा नेहमी लांबच्या गावचा असतो आणि त्याच्याकडे घाईचं सबळ कारण असतं. कधी तो सैन्यात असल्याचं सांगतो आणि अचानक बदली झालेली असते, तर कधी परदेशी जायचं असतं. "दादा, दोनच उरलीत, आत्ता टोकन टाका, बाकीचं पिल्लू हातात आल्यावर," असा निरोप येतो. टोकन भरलं की गाडीभाडं निघतं, मग पिंजऱ्याचे पैसे, मग विमा. हा विमा परत मिळणार असतो, म्हणून माणूस तोही भरतो. शेवटी पिल्लू कुठल्यातरी विमानतळावर अडकल्याचा फोन येतो आणि मागणी पुन्हा वाढते.

२०२१ मध्ये देहरादूनच्या एका महिलेकडून गोल्डन रिट्रीव्हरच्या पिल्लापायी ६६ लाख रुपये उकळले गेले. उत्तराखंड पोलिसांच्या विशेष कृती दलाने या प्रकरणात कॅमेरूनच्या एका नागरिकाला बंगळुरूहून अटक केली. एका पिल्लासाठी कोणी ६६ लाख देतं का, असं बाहेरच्याला वाटेल. पण एवढी रक्कम एका दमात कोणीच मागत नाही. आधी गेलेले पैसे वाचवायचे म्हणून माणूस पुढचे भरतो, आणि सगळा खेळ याच जिवावर चालतो. त्याआधी टाळेबंदीच्या वर्षात, २०२० मध्ये, अमेरिकेत अशाच फसवणुकीबद्दल कॅमेरूनच्याच एका तरुणावर आरोप ठेवला गेला. त्यात तर वाटेत पिल्लाचा करोनाशी संपर्क आल्याचं सांगून लसीच्या कागदासाठी वेगळे पैसे मागितले गेले होते. लोक एकटे होते, घरी बसून होते, त्यांना सोबत हवी होती. चोरांनी नेमकी तीच वेळ साधली.

अशा विकणाऱ्याला एकच विनंती करावी: आत्ता व्हिडिओ कॉल लावा आणि पिल्लू त्याच्या आईसोबत दाखवा. साठवलेली चित्रफीत चालणार नाही. नेट नीट नाही, आई दुसऱ्या गावी आहे, मालक बाहेर गेलाय, अशी उत्तरं आली की व्यवहार तिथेच थांबवावा. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नये. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी तक्रार पोचली तरच ती गोठवता येण्याची आशा असते. व्यवहाराचा क्रमांक, संदेशांचे फोटो, फोन नंबर, काहीही पुसू नये.

दुसरा प्रकार जास्त क्रूर आहे, कारण त्यात माणसाच्या पैशांबरोबर मुका जीवही भरडला जातो.

कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते आणि गाभण राहिली की सुमारे ६३ दिवसांत विते. ज्याला फक्त पिल्लं विकायची आहेत, तो तिला प्रत्येक माजाला भरवतो. आधीच्या वेताने झिजलेलं शरीर भरून यायच्या आत ती पुन्हा गाभण राहते. पिल्लं महिन्याभराची झाली की उचलली जातात, कारण लहान पिल्लू जास्त लोभस दिसतं आणि लवकर विकलं जातं. ती टोपलीतून, पिंजऱ्यातून, दलालाच्या हातून पुढे जातात. गिऱ्हाईक दुकानात पिल्लू पाहतं, तेव्हा ती आई कुठल्या अंधाऱ्या खोलीत आहे हे दुकानदारालाही माहीत असेलच असं नाही.

हे थांबवण्यासाठी केंद्र सरकारने मे २०१७ मध्ये श्वानांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम लागू केले. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचे हे नियम वाचले तर त्यांच्या केंद्रस्थानी ही आईच आहे असं दिसतं. दीड वर्षाच्या आत मादीला भरवायचं नाही. वर्षातून एकच वेत घ्यायचं. आयुष्यात पाचांहून अधिक वेतं नाहीत आणि आठ वर्षांनंतर एकही नाही. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत विकायचं नाही, विकण्याआधी त्याला मायक्रोचिप बसवायची, लसी टोचायच्या. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. पुढच्याच वर्षी पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीही स्वतंत्र नियम आले आणि त्यांनाही नोंदणी बंधनकारक झाली. म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र मागण्यात संकोच करू नये. "आम्ही घरगुती करतो, आम्हाला ते लागत नाही," या उत्तराने समाधान मानू नये.

आठ आठवड्यांच्या अटीमागे ठोस कारण आहे. आईच्या पहिल्या चिकाच्या दुधातून पिल्लाला रोगांशी लढायची ताकद मिळते. ती पुढच्या काही आठवड्यांत ओसरत जाते, आणि नेमकी कधी संपते हे पिल्लागणिक वेगळं असतं. म्हणूनच लस एकदा देऊन भागत नाही. सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत ती टप्प्याटप्प्याने द्यावी लागते. आईलाच लस दिलेली नसेल, तर पिल्लाच्या वाट्याला ही शिदोरी फारच तुटपुंजी येते. जंतांचंही तसंच. आईच्या पोटात असतानाच ते पिल्लात उतरू शकतात. त्यामुळे पिल्लाच्या लसीकरणाच्या पुस्तिकेबरोबर आईची पुस्तिकाही मागावी. भावंडांबरोबर दंगामस्ती करताना किती जोरात चावायचं नसतं हेही पिल्लू याच काळात शिकतं. महिन्याभराचं पिल्लू घरी आणणाऱ्याला हे पुढे स्वतःच्या हातावर शिकवावं लागतं.

सगळ्यात भीती पार्व्होची. हा विषाणू विष्ठेतून पसरतो आणि फरशीवर, चपलेच्या तळव्याला, पिंजऱ्याच्या गजांना चिकटून महिनोन्महिने टिकतो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला बहुधा तीन ते सात दिवस लागतात. म्हणजे पिल्लू शनिवारी दुकानात बागडत असतं आणि बुधवारी उलट्या, रक्ताचे जुलाब सुरू होतात. "नेलं तेव्हा धडधाकट होतं" हे विक्रेत्याचं म्हणणं मग खरंही असतं आणि निरुपयोगीही. शिरगावहून रात्री आजारी पिल्लू घेऊन मुंबईत परळच्या बाई साकरबाई प्राण्यांच्या रुग्णालयापर्यंत जायचं म्हणजे नव्वदेक किलोमीटरचा प्रवास. म्हणून पिल्लू आणल्यावर दोन दिवसांत जवळच्या पशुवैद्याकडे तपासणी करावी, आणि तपासणीत दोष निघाला तर पैसे परत मिळतील हे आधीच पावतीवर लिहून घ्यावं. घरात पार्व्होने पिल्लू दगावलं असेल, तर लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू लगेच आणू नये.

आता प्रत्यक्ष आई बघायला गेल्यावर काय पाहायचं? काही विक्रेते त्याच जातीची भलतीच कुत्री आई म्हणून उभी करतात. नुकत्याच पाजलेल्या मादीची आचळं लोंबलेली असतात, पोटावरचे केस विरळ झालेले असतात आणि ती थोडी उतरलेलीही दिसते. पिल्लं तिला बघून झेपावतात. पिल्लांकडे ढुंकूनही न पाहणारी, घट्ट पोटाची तुकतुकीत मादी त्यांची आई असण्याची शक्यता कमी. बाप तिथे नसला तर मात्र लगेच संशय घेऊ नये, कारण चांगले ब्रीडरही बाहेरचा नर आणतात. त्याचे फोटो आणि कागद पुरतात.

पगची आई असेल तर तिचा श्वास ऐकावा. नाकपुड्या चिमटल्यासारख्या आणि बसल्या जागी घरघर असेल, तर पिल्लाच्या नशिबीही तेच येण्याचा धोका मोठा. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष पिढ्यांतून उतरतो, म्हणून आईबापाच्या खुब्याचा एक्स-रे काढलाय का हे विचारावं. या प्रश्नावर ज्याचा चेहरा खुलतो, तो ब्रीडर बहुधा कामाचा. तोही मग उलट प्रश्न विचारतो: घरी दिवसभर कोण असतं, फ्लॅट की वाडी, आधी कुत्रा होता का, गावाला गेल्यावर त्याला कोण सांभाळणार? पुष्कळांना हा अपमान वाटतो. खरं तर पिल्लाची काळजी असल्याची ती सगळ्यात भरवशाची खूण आहे.

बाजारात "विथ पेपर" आणि "विदाउट पेपर" असे दोन भाव असतात. पेपर म्हणजे चेन्नईत मुख्यालय असलेल्या केनेल क्लब ऑफ इंडियाची वंशावळ. तिच्यावरचा मायक्रोचिपचा पंधरा आकडी क्रमांक पिल्लाच्या मानेवर यंत्र फिरवून जुळवून पाहता येतो, आणि तो जुळवूनच घ्यावा. पण हा कागद वंश सांगतो, तब्येत सांगत नाही. ढासळलेल्या मादीच्या पिल्लालाही पेपर मिळू शकतो.

जातीची निवडही जागा बघून व्हावी. बर्फात गाड्या ओढण्यासाठी घडलेला, दुहेरी केसांचा हस्की बोईसरच्या दमट उन्हाळ्यात सुखी राहत नाही. देशी जातीचं कुत्रं हवं असेल तर लातूर जिल्ह्यातलं जानवळ कारवान आणि पश्मी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. घोरपड्यांच्या जुन्या मुधोळ संस्थानात तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. मुधोळच्या कुत्र्यावर २००५ मध्ये टपाल तिकीट निघालं. मात्र ही धावणारी, शिकारी रक्ताची कुत्री आहेत. दोन खोल्यांच्या घरात त्यांना कोंडणंही अन्यायच.

आणि पिल्लू घेतल्यावर काही बिघडलंच, तर कागद जपलेला असावा. पावती, लसीची पुस्तिका आणि पशुवैद्याची नोंद हाती असली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन त्यासाठी वाट दाखवते. पिल्लू दगावलं असेल तर ते पुरण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात शवविच्छेदन करून घ्यावं. मृत्यूचं कारण लेखी नसेल तर विक्रेता सगळा दोष घरच्या खाण्यावर ढकलून मोकळा होतो. पैदास करणाऱ्याची नोंदणी नाही असं आढळलं, तर जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयाकडे आणि राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे वेगळी लेखी तक्रार द्यावी, कारण त्या खोलीतली मादी पुढच्या माजाला पुन्हा भरवली जाणार असते.