कीर्द, खतावणी आणि आपल्या संस्था

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधून एकच प्रश्न ऐकू येतो. 'आता पुढे काय?' गुण चांगले असतील तर इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग. बेताचे असतील तर बी.ए. आणि स्पर्धा परीक्षा. कॉमर्सचे नाव सहसा शेवटी निघते, तेही 'निदान बँकेत तरी लागेल' म्हणून. कॉमर्स हे दुकानदारांच्या मुलांचे शिक्षण, हा समज आपल्या जिल्ह्यातून अजून गेलेला नाही. मी स्वतः कॉमर्सचा विद्यार्थी. पुढे जन्मभर आकड्यांतच काढला. म्हणून थोड्या अधिकाराने सांगतो की व्यापार आणि कारभार यांचे शिक्षण आपल्या समाजाला नोकरीपेक्षाही दुसऱ्या एका कारणासाठी हवे आहे. ते कारण म्हणजे वही.

रत्नागिरी जिल्हा हा खोतीचा जिल्हा. खोत हा मूळचा सरकारसाठी सारा गोळा करणारा. पण पिढ्यान् पिढ्या वतन चालत राहिले आणि तोच गावाचा धनी होऊन बसला. कुळाने राबावे, पिकाचा हिस्सा खोताच्या कोठारात घालावा, शिवाय वेठ करावी. किती भात घातले आणि किती बाकी राहिली, याची नोंद खोताकडे. कुळाला अक्षरओळख नाही. त्यामुळे वहीत जे लिहिले तेच खरे. जुन्या माणसांकडून खोतीच्या जुलमाच्या गोष्टी आपण ऐकतो तेव्हा मारहाणीची, वेठीची गोष्ट लक्षात राहते. वहीची गोष्ट विसरली जाते. पण कूळ बांधले गेले होते ते त्या वहीनेसुद्धा.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे याच जिल्ह्यातील, मंडणगड तालुक्यातील. एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणला झालेल्या रत्नागिरी जिल्हा बहिष्कृत परिषदेत त्यांनी खोतीचा प्रश्न मांडला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर गेला. अखेर १९४९ च्या कायद्याने खोती संपली. हा इतिहास आपल्या सभांतून सांगितला जातो. त्यामागे उभा असलेला अर्थशास्त्राचा विद्यार्थी मात्र क्वचितच सांगितला जातो.

बाबासाहेबांनी १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठात एम.ए. साठी प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहिला. प्रांतिक अर्थव्यवस्थेवर आणि रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी पुढे केलेले संशोधन तर प्रसिद्धच आहे. १९१८ ते १९२० या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. हे कॉलेजच मुळी वाणिज्य शिक्षणासाठी काढलेले. १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी शिकविणाऱ्या संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवीत असत. म्हणजे हिशेबनीस होऊ पाहणाऱ्या कितीतरी मुलांनी करार कसा वाचावा हे बाबासाहेबांकडून शिकून घेतले! आणि बडोद्याहून परतल्यानंतर त्यांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसायही सुरू केला होता. सल्ला चांगला होता, पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो बंद पडला. बाजारात केवळ ज्ञान पुरत नाही, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. तरीही १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केल्यावर १९५३ मध्ये सोसायटीने वाणिज्य आणि अर्थशास्त्राचे सिद्धार्थ महाविद्यालय वेगळे काढले. कायद्याचे महाविद्यालय त्यानंतरचे. हा क्रम विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावा.

आता आपल्या घरची गोष्ट. कोकणातल्या आपल्या प्रत्येक गावाला दोन कारभार असतात, एक गावचा आणि एक मुंबईचा. गिरण्यांत, गोदीत कामाला गेलेल्या माणसांनी चाळीच्या खोल्यांत बसून मंडळे काढली. घरटी वर्गणी बसविली, गावात विहार बांधले, जयंती केली, मयताला मदत पाठविली, मुलांना वह्या-पुस्तके दिली. कोणी त्यांना मॅनेजमेंट शिकविले नव्हते. १९८२ च्या गिरणी संपानंतर मनीऑर्डरी आटल्या तरी ही मंडळे टिकली. आपल्या समाजाचा खरा स्वतःचा म्हणावा असा कारभार कोणता, तर हाच.

पण हा कारभार मोडतो कोठे, तेही सांगितले पाहिजे. एका मंडळाचा हिशेब तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. खजिनदार गिरणीतले, अत्यंत सचोटीचे. ते अचानक वारले. पेटी उघडली तेव्हा पैसा होता, आणि मला आजही वाटते की तो पै-पैशापर्यंत बरोबर होता. पण पावतीपुस्तकांची स्थळप्रत निम्मी नाही, कीर्द चार वर्षे लिहिलेली नाही, सारे त्यांच्या डोक्यात. पैसा बरोबर आहे हे मी सिद्ध करू शकलो नाही. बँकेतील खात्यावर सह्या ज्यांच्या त्यांपैकी दोघे हयात नव्हते आणि नव्या कार्यकारिणीची नोंदच कोठे झालेली नव्हती. संशय आला, भावकी भावकीत बोलणे बंद झाले, वर्षभरात एका गावची दोन मंडळे झाली. जयंतीही दोन निघाल्या. त्या सज्जन माणसाच्या घरच्यांना पुढे जे ऐकावे लागले ते मी येथे लिहीत नाही. सचोटी हा गुण आहे; पण ती कागदावर उतरली नाही तर माणसाच्या पश्चात तिचा साक्षीदार राहत नाही.

कायद्याची मागणी फार नसते. संस्था नोंदणीचा कायदा १८६० चा आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५० चा, या दोन्हींखाली आपल्या बहुतेक नोंदलेल्या संस्था येतात. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा, अहवाल धर्मादाय कार्यालयात द्यावा, विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट दाखल करावा. हा शेवटचा मुद्दा बहुतेक ठिकाणी राहतो. मग नोंदवहीत दिवंगतांचीच नावे कारभारी म्हणून राहतात, आणि विहाराच्या जागेचा प्रश्न निघाला की धावपळ सुरू होते. तिसऱ्या वर्षाच्या कॉमर्सच्या विद्यार्थ्याला हे काम एका रविवारी समजावून सांगता येते.

सभेचा कारभार तर आपल्याला परका नाहीच. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी भिक्षुसंघाचा दाखला दिला होता. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान यांचे नियम संघाला ठाऊक होते. विनयात महत्त्वाच्या कामासाठी प्रस्ताव एकदा मांडून नंतर तीन वेळा विचारण्याची पद्धत आहे. ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावे, नसेल त्याने बोलावे. आपल्या वार्षिक सभांत नेमके उलटे घडते! सभेत सारे गप्प, आणि बोलणे नंतर एस.टी. स्टँडवर.

परदेशांत आता मूळनिवासी समाजांच्या व्यापार आणि कारभारासाठी स्वतंत्र पदव्या आहेत. कॅनडाच्या सायमन फ्रेझर विद्यापीठाने असा एम.बी.ए. २०१२ मध्ये सुरू केला. न्यूझीलंडच्या नाय ताहू या माओरी जमातीला १९९८ च्या तडजोडीत १७ कोटी डॉलर मिळाले; त्यांनी धंदा पाहणारी कंपनी वेगळी ठेवली आणि धोरण ठरविणारी, १८ स्थानिक शाखांची मिळून झालेली सभा वेगळी. आपल्याकडे अशी रक्कम नाही, जमीनही नाही, म्हणून तुलना फार ताणू नये. जवळचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाचे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. देवाजी तोफा आणि त्यांचे गाव यांचे वैशिष्ट्य असे की निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतो, आणि निर्णयाआधी विषयाचा अभ्यास होतो. जंगल मिळाले हे खरे, पण बांबूचा पैसा आल्यावर गाव फुटले नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते.

आपल्या विद्यार्थ्याला यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. रत्नागिरीला गोगटे-जोगळेकर, चिपळूणला डी.बी.जे. महाविद्यालय येथे वाणिज्य शाखा आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभागाच्या कामाला श्रेयांक मिळतात. विद्यार्थी मित्रांनो, त्यासाठी शहरातल्या मोठ्या दुकानाची माहिती गोळा करण्याऐवजी आपल्या गावच्या मंडळाचा पाच वर्षांचा जमाखर्च लिहून काढा. दुसरा प्रकल्प ग्रामपंचायतीचा घ्या. पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा १५ टक्के भाग मागासवर्गीयांसाठी खर्च करावयाचा असतो. तो कोणत्या वर्षी, कोणत्या वाडीत, कशावर खर्ची पडला, हे अंदाजपत्रक हातात घेऊन ग्रामसभेत विचारा. १९९३ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने आपल्या भगिनी सरपंच झाल्या. त्यांच्या शेजारी बसून ताळेबंद वाचून दाखविणारी मुलगी घरचीच असली तर त्यांना दुसऱ्याच्या सांगण्यावरून सही करावी लागणार नाही.

स्वतःचा धंदा करू पाहणाऱ्यांसाठी महात्मा फुले महामंडळ १९७८ पासून आहे. २०१२ च्या धोरणानुसार केंद्राची खाती आणि सरकारी कंपन्या यांनी आपल्या खरेदीपैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून करावयाची असते. मात्र बँक असो वा खरेदी कार्यालय, पहिला कागद मागतात तो मागील वर्षांच्या हिशेबाचाच.

ज्यांना मंडळाच्या वहीपासून सुरुवात करावयाची आहे त्यांना कामाची एक गोष्ट सांगतो. आधी पावत्या तारखेवार लावा, मग रोजकीर्द, मग खतावणी, आणि तेरीज काढा. तेरीज पहिल्यांदा जुळत नाही, घाबरू नका आणि कोणावर संशय घेऊ नका. फरकाच्या रकमेला नऊने भागून पाहा. पूर्ण भाग गेला तर बहुधा कोणीतरी ५४ च्या जागी ४५ लिहिलेले असते.