गडूवर गडूचंच चित्र

पितळी गडूवर प्रोजेक्टरचा झोत टाकला की घासूनपुसून लख्ख केलेलं भांडं चित्र उमटवायला किती नालायक, हे कळतं. चकचकीत पितळ उजेड आरशासारखं एकाच बाजूला परतवतं. चित्र गडूवर न उमटता त्याची तिरीप भलतीकडेच चमकते. काळी छत्री उलट, पडेल तो उजेड गिळून बसते. चिखली तालुक्यातल्या अमडापुरात एखाद्या माजघरातल्या वस्तूंवर प्रोजेक्शन मॅपिंग, म्हणजे वस्तूच्या आकारावर नेमकं बसेल असं चित्र झोताने टाकणं, करायचं ठरवलं, तर सुरुवात अशी नकारघंटेनेच होईल. घोंगडी बाद, पाटा-वरवंटा जेमतेम.

म्हणून बहुतेक जण वस्तूच पांढरी करतात. अमेरिकी कलावंत मायकेल नायमार्क यांनी १९८० च्या दशकात ‘डिस्प्लेसमेंट्स’ या कलाकृतीत अख्खा दिवाणखाना मांडला. मधोमध फिरत्या चकतीवर कॅमेरा ठेवून तो माणसांसकट चित्रित केला, सगळ्या सामानावर पांढरा रंग फवारला आणि कॅमेऱ्याच्या जागी प्रोजेक्टर बसवला. झोत फिरेल तसतसे सामानाला आपले रंग परत मिळत गेले. माणसं तेवढी भुतासारखी दिसली; त्यांच्या जागी पांढरं काही उभंच नव्हतं!

पुढची पायरी नाशिकच्या रमेश रासकरांची. पुण्याच्या सीओईपीतून अमेरिकेत गेलेल्या या अभियंत्याने सहकाऱ्यांसह २००१ साली ‘शेडर लॅम्प्स’ हे तंत्र मांडलं. ताजमहालाच्या पांढऱ्या प्रतिकृतीवर त्यांनी दोन प्रोजेक्टरांनी रंग, पोत, ऊन-सावली चढवली.

यातलं किचकट काम जुळणीचं. आधी संगणकात वस्तूची त्रिमितीय आकृती लागते. मग वस्तूवरचे ठरावीक बिंदू निवडून प्रोजेक्टरने टाकलेली फुली एकेकावर नेमकी आणायची. असे किमान सहा बिंदू जुळले, तेही एकाच सपाटीवरचे नसले, की प्रोजेक्टर कुठे आहे याचं गणित सुटतं. पेटीला कोपरे असतात. गोल गडूला कुठले? काठ, गळा, बूड धरून पेन्सिलीने खुणा कराव्या लागतात. एवढं करून कुणाचा धक्का लागला, की चित्र सरकलंच.

पण घरच्या वस्तूला पांढरा रंग फासणं पटत नाही. लग्नातल्या भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं असतं, आणि गडू कुणाचा हे तेच सांगतं. त्यापेक्षा धुऊन निघेल असा खडूचा पातळ हात बरा. ठिपके बुजत नाहीत. दुसरा प्रोजेक्टर खाली, अगदी कडेला ठेवून त्यातून नुसता पांढरा उजेड तिरका सोडला, की प्रत्येक ठिपक्याला सावली येते आणि नाव वाचता येतं.