दिवाणखान्यातला समुद्र

घरात मोठी काचेची टाकी असावी, त्यात निळ्या उजेडात प्रवाळ डोलावेत, नारिंगी-पांढरे मासे फिरावेत, अशी हौस अलीकडे बऱ्याच घरांत दिसते. मोबाइलवर अशा टाक्यांची चित्रे पाहून मुले हट्ट धरतात. आखातात नोकरीला असलेला एखादा भाऊ सुट्टीवर येतो आणि तिकडच्या दिवाणखान्यांची वर्णने करतो. मग प्रश्न पडतो, आपल्याकडे हे जमेल का? रत्नागिरीजवळच्या आमच्या एकत्र कुटुंबाने दीड वर्षापूर्वी हे काम हाती घेतले. आज टाकी उभी आहे, चालू आहे, पण मनात धरलेल्या चित्रासारखी ती नाही. तसे का झाले आणि टाकी बांधायला प्रत्यक्षात काय लागते, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावेसे वाटते.

आधी वजन, मग सौंदर्य

टाकी ठरली सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच. तिच्यात सुमारे ८०० लिटर पाणी बसते. खाली कपाटात गाळणीची दुसरी टाकी असते, तिला सम्प म्हणतात. तिचे २०० लिटर धरले तर एकूण हजार लिटर झाले. खाऱ्या पाण्याचे वजन गोड्या पाण्यापेक्षा थोडे जास्त भरते. त्यात १२ मिलिमीटर जाडीची काच, खडक आणि लोखंडी स्टँड मिळवला की वजन १३०० किलोच्या पुढे जाते. हा सगळा भार दीड चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर येतो, म्हणजे दर चौरस मीटरला ९०० किलोहून अधिक.

राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास वापराचा भार धरून बांधतात. त्यामुळे फ्लॅटमध्ये, वरच्या मजल्यावर अशी टाकी ठेवायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावे. मिस्त्रीच्या "काही होत नाही" या शब्दावर राहू नये. आमचे घर तळमजल्याचे आणि जमीन जांभ्याची, तरीही स्टँडखाली काँक्रीटचा थर घातला आणि पाणसळ लावून तो समपातळीत आहे ना हे तपासले. टाकी एका बाजूला थोडी जरी कलली तरी काचेच्या सांध्यांवर सारखा ताण राहतो.

काचेच्या बाबतीत एक गोष्ट आधी ठरवावी लागते. पाणी खाली उतरण्यासाठी काचेला भोके पाडायची असतील तर ती साध्या काचेलाच पाडता येतात. टफन केलेल्या काचेला भोक पाडू गेल्यास तिचा चुरा होतो. सिलिकॉनने सांधे भरल्यावर आठवडाभर टाकीला हात लावायचा नाही.

वीज गेली की पंप थांबतो आणि वरच्या टाकीतले काही पाणी खाली उतरते. तेवढे पाणी मावेल इतकी जागा सम्पमध्ये रिकामी ठेवावी लागते. ती ठेवली नाही तर पहिल्याच लोडशेडिंगला दिवाणखान्यात पाणी साचते. विजेच्या तारा प्लगकडे येण्याआधी खाली झोळ देऊन सोडायच्या, म्हणजे तारेवरून ओघळलेले पाणी प्लगपर्यंत न जाता खाली पडते. घरात लहान मुले असतात, त्यामुळे शॉक लागताच वीज तोडणारा ब्रेकर बसवल्याखेरीज या कामाला हातच लावू नये.

पाणी बनवावे लागते

"समोर अरबी समुद्र असताना मीठ विकत कशाला आणता?" हा प्रश्न आम्हाला निदान पन्नास जणांनी विचारला असेल. कारण असे की किनाऱ्याजवळचे पाणी बारा महिने सारखे नसते. पावसाळ्यात नद्या आणि खाड्या भरून वाहतात, पाणी गढूळ होते आणि त्याचा खारटपणा उतरतो. बंदराजवळ डिझेल आणि सांडपाणीही असते. म्हणून शुद्ध केलेल्या पाण्यात खास समुद्री मीठ मिसळून पाणी तयार करतात. प्रमाण लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे हजार लिटरला ३५ किलो.

पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र एक लिटर चांगले पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकते. नळ वाहता सोडून वुजू करू नका, असे मुलांना बजावणाऱ्या घरात हे पाणी गटारात सोडणे आम्हाला पटेना. ते पिंपात साठवून लादी पुसायला, गाडी धुवायला आणि माडांना घालू लागलो.

टाकीतून रोज आठ-दहा लिटर पाणी वाफ होऊन जाते. मीठ मात्र आतच राहते. म्हणून रोजची भर गोड्या, शुद्ध पाण्यानेच घालायची. खारे पाणी घालत राहिले तर खारटपणा वाढत जातो आणि मासे मरतात.

सहा आठवडे रिकामी टाकी

पाणी भरले, पंप चालू झाला, दिवे लागले, तरी मासे सोडायचे नव्हते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. काही सूक्ष्म जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते त्या मानाने निरुपद्रवी असते. हे जिवाणू खडकांवर वस्ती करतात आणि ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. कोळंबीचा एक तुकडा पाण्यात कुजू द्यायचा आणि रोज तपासणी संचाने पाणी पाहायचे. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार झाली. तोवर शेजारीपाजारी येत, रिकाम्या टाकीकडे बघत आणि "मासे कुठायत?" म्हणून हसत. मुलांनी वहीत तारीखवार आकडे लिहून ठेवले होते, तीच वही ती पाहुण्यांपुढे धरीत.

प्रोटीन स्किमर नावाचे उपकरणही याच वेळी समजून घेतले. त्यात हवेचे अगदी बारीक बुडबुडे पाण्यातून वर जातात, घाण त्यांना चिकटते आणि फेस होऊन वाटीत जमा होते. भरतीच्या वेळी किनाऱ्यावर जो पिवळट फेस दिसतो, तसाच हा प्रकार.

प्रवाळाचा प्रश्न

खरी अडचण यापुढे आली. मरजान, पोवळे, प्रवाळ ही सगळी एकाच जिवाची नावे. दगडासारखा दिसत असला तरी प्रवाळ हा प्राणी आहे. पाण्यातले कॅल्शियम घेऊन तो आपला सांगाडा बांधतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, ते उजेडावर अन्न तयार करते आणि प्रवाळाला पोसते. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दुसऱ्या अंशाने काही आठवडे जास्त तापले तरी हे शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. जगभरात असे पांढरे पडण्याची चौथी मोठी लाट आल्याचे शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. जवळजवळ सगळी वस्ती मुस्लिम असलेली लक्षद्वीपची बेटे प्रवाळाचीच बनलेली आहेत. तिथल्या लोकांच्या पायाखालची जमीन या जिवावर उभी आहे.

मुंबईतल्या एका दुकानात आम्हाला जिवंत प्रवाळाचे तुकडे दाखवले गेले. "ओल्या कागदात गुंडाळून देतो, गाडीत कोणी विचारत नाही," असे दुकानदार म्हणाला. बिल मागितले तर विषय बदलला. आमचा धाकटा तेव्हा सातवीत होता. तुकडे बघून त्याचे डोळे चमकले होते आणि पैसेही खिशात होते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला. वाघाला जे संरक्षण, तेच खडक बांधणाऱ्या सर्व प्रवाळांना, काळ्या प्रवाळांना आणि समुद्रपंख्यांना मिळाले. समुद्रघोडेही याच यादीत आहेत. या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आणि दंड आहे. परदेशातून आलेल्या संरक्षित जिवंत प्राण्यांचीही, २०२२ च्या दुरुस्तीनंतर, नोंदणी करावी लागते. कागदपत्राशिवाय कोणी विकत असेल तर माल कुठून आला ते समजून घ्यावे.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब सरळ होता. तो तुकडा कुणीतरी छिन्नीने फोडून काढलेला असणार. अनेक प्रवाळ वर्षाला एखादा सेंटिमीटर वाढतात, काही त्याहूनही हळू. मुठीएवढा तुकडा म्हणजे काही वर्षांची वाढ, आणि ती आमच्या दिवाणखान्यात टिकेल याची हमी कुणीही देत नव्हते. आम्ही तुकडा घेतला नाही. परतीच्या प्रवासात धाकटा एक शब्द बोलला नाही. दोन दिवसांनी त्याने अम्मींना विचारले, "पण दुकानदार दुसऱ्याला विकेलच ना?" अम्मी म्हणाल्या, "विकेल, बेटा. त्याचा जाब त्याला. आपल्या घरात काय यायचं, तेवढं आपल्या हातात आहे."

मग टाकीत काय ठेवले?

खडक सिरॅमिकचे, माणसाने बनवलेले. त्यांना भोके आणि कपारी आहेत, जिवाणूंना घर आणि माशांना आडोसा मिळतो. तळ उघडाच ठेवला, त्यामुळे साफसफाई सोपी होते. मासे हॅचरीत वाढलेलेच घ्यायचे, असा नियम केला. क्लाउनफिशची पैदास आता आपल्याकडेही होते. नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात त्यांची हॅचरी आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर महिलांना शोभिवंत कोळंबी वाढवण्याचे प्रशिक्षण मिळाले आहे. इंडोनेशियातल्या बांग्गाई बेटांचा काळ्या पट्ट्यांचा कार्डिनल मासा निसर्गात धोक्यात आहे, पण तोही टाकीत पिल्ले देतो. याउलट मुलांना सिनेमामुळे माहीत झालेला निळा टँग मासा फूटभर वाढतो आणि बहुतेक वेळा समुद्रातूनच पकडलेला असतो. तो आम्ही टाळला.

क्लाउनफिशला समुद्रफूल नसले तरी चालते. त्यांची एक गंमत मुलांना फार आवडली. सगळी पिल्ले नर म्हणूनच वाढतात. जोडीतला मोठा मासा मादी होतो, आणि मादी गेली तर नर तिची जागा घेतो. हा मासा टाकीत वीस वर्षांहून जास्त जगू शकतो. म्हणजे सातवीतला मुलगा नोकरीला लागून त्याचा निकाह होईपर्यंत मासा घरात असेल, हे धरूनच त्याला आणावे.

रोजची चाकरी

पाण्याचे तापमान २५ ते २७ अंश लागते. कोकणात एप्रिल-मेमध्ये खोलीच तेहतीस अंशांवर जाते आणि दमट हवेत नुसत्या पंख्याने पाणी पुरेसे गार होत नाही. चिलर घ्यावाच लागतो. चिलर, पंप आणि दिवे मिळून सरासरी ४०० वॉट वीज ओढत असतील तर महिन्याला सुमारे २९० युनिट होतात. टाकीची किंमत एकदाच द्यावी लागते, हे बिल दर महिन्याला येते.

गेल्या जुलैत पावसाने तारा तुटल्या आणि रात्री नऊला वीज गेली. इन्व्हर्टरवर एक पंप दोनपर्यंत चालला. अशा वेळी तापमानाआधी प्राणवायू संपतो. बॅटरीवरचा लहान हवेचा पंप लावला आणि त्याच्या जोडीला तांब्याने पाणी उचलून उंचावरून परत ओतत राहिलो. अब्बा, भाभी, दोन्ही मुले, सगळ्यांनी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या घेतल्या. फजरच्या अजानीनंतर थोड्या वेळाने वीज आली. एकही मासा दगावला नाही.

आणखी काही नियम घरात सगळ्यांनी पाळावे लागतात. त्या खोलीत झुरळ-डासांचा फवारा मारायचा नाही, कारण त्यातली औषधे माशांना फार लवकर मारतात. अत्तर किंवा साबण लागलेला हात पाण्यात घालायचा नाही. कुणी झोअँथिड नावाचे फुलांसारखे दिसणारे जीव देऊ केले तर नको म्हणावे. त्यांच्यातल्या काहींत अतिशय घातक विष असते आणि त्यांचा खडक गरम पाण्याने घासताना वाफेतूनही विषबाधा झालेली आहे.

ज्यांना अशी टाकी बांधायची आहे, त्यांनी काचवाल्याकडे जाण्याआधी घरच्यांना बसवून तीन गोष्टी विचाराव्यात. ईदला सगळे गावी गेलो तर पाणी कोण पाहील? दर महिन्याचे बिल न कुरकुरता भरता येईल का? आणि टाकीत येणारा प्रत्येक जीव कुठून आला, हे आपण मुलांना न अडखळता सांगू शकू का? उत्तरे नीट मिळाली नाहीत तर लहान गोड्या पाण्याची टाकी घ्यावी, तीही घराला शोभा देते.

प्रवाळ पाहायचेच असतील तर मालवण आहे. १९८७ साली जाहीर झालेल्या तिथल्या सागरी अभयारण्यात ते जिवंत आहेत. पाणी नितळ असते त्या दिवसांत मुलांना घेऊन जावे. पाण्यात तोंड घालून वरूनच पाहावे, त्यांच्यावर उभे राहू नये, हात लावू नये. आमचा धाकटा मागच्या डिसेंबरात पाहून आला. आता पाहुण्यांना तो वहीतले आकडे दाखवतो आणि शेवटी मालवणला कसे जायचे तेही सांगतो.