जिंकण्यासाठी बोलणं : व्हिटेकर आणि बॅक्स्टर यांचा धंदा आणि संसार

गेल्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातला 'कथा' हा विचार पाहिला. इथे कथा म्हणजे गोष्ट नव्हे, तर दोन पक्षांमधली चर्चा. तिचे तीन प्रकार. खरं काय ते कळावं म्हणून बोलणं, हा वाद. जिंकावं म्हणून बोलणं, हा जल्प. यात छलही चालतो, म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात नसलेला अर्थ त्याच्या शब्दांना चिकटवून त्याला अडवता येतं. आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त दुसऱ्याचं पाडत राहणं, ही वितंडा.

यावर साहजिकच प्रश्न येतो की, हे सगळं जुन्या पंडितसभांचं झालं, आज त्याचं काय करायचं? आज आपण अशा एका जोडप्याची हकिगत पाहू, ज्यांनी जल्पाचा रीतसर व्यवसाय केला. क्लेम व्हिटेकर आणि लिओन बॅक्स्टर. ठिकाण अमेरिकेतलं कॅलिफोर्निया राज्य, काळ १९३३ पासून पुढचा. त्यांची 'कॅम्पेन्स इन्कॉर्पोरेटेड' ही निवडणूक प्रचाराचा सल्ला देणारी पहिली कंपनी मानली जाते. आज आपल्याकडेही प्रत्येक निवडणुकीत असे सल्लागार दिसतात. त्यांचं मूळपीठ हे.

हा धंदा कॅलिफोर्नियातच का उगवला, ते आधी समजून घेऊ. तिथे १९११ साली मोठ्या सुधारणा झाल्या. एखादा कायदा थेट लोकांच्या मताला टाकायचा अधिकार नागरिकांना मिळाला. पुढे उमेदवाराला एकाच वेळी दोन्ही पक्षांच्या प्राथमिक निवडणुकीत उतरण्याचीही मुभा मिळाली. हेतू चांगला होता. पक्षांच्या दलालांची पकड सैल व्हावी, एवढंच लोकांना हवं होतं. ती झालीही. पण मतदारापर्यंत पोहोचण्याचं काम पूर्वी पक्षाचा कार्यकर्ता करायचा, ते आता कोण करणार? जागा रिकामी झाली आणि ती पैसे घेऊन काम करणाऱ्याने भरली.

व्हिटेकर धर्मोपदेशकाचा मुलगा. सॅक्रामेंटोमध्ये वार्ताहर होता, स्वतःची वृत्तसंस्था चालवून त्याने ती विकलीही होती. बॅक्स्टर तरुण विधवा, रेडिंग या गावात व्यापारी मंडळाचं काम पाहायची. १९३३ साली सेंट्रल व्हॅली प्रकल्पाच्या निमित्ताने दोघं एकत्र आले. राज्याने धरणं आणि कालवे बांधायचा कायदा केला होता, आणि पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या बलाढ्य वीज कंपनीला तो नको होता. तिने प्रश्न लोकांच्या मताला टाकायला लावला. या दोघांनी प्रकल्पाच्या बाजूने प्रचार केला, हाताशी रक्कम ३९ हजार डॉलर. छोटी वर्तमानपत्रं आणि रेडिओ यांच्या जोरावर ते सुमारे ३३ हजार मतांनी जिंकले. आणि पुढे काय झालं? ज्या वीज कंपनीला त्यांनी हरवलं, तिनेच त्यांना वार्षिक मानधनावर बांधून घेतलं!

यात हसण्यासारखं आहे, पण विचार करण्यासारखं जास्त आहे. कंपनीला त्यांचं मत पटलं नव्हतं, त्यांचं कसब पटलं होतं. मत आणि कसब वेगळं काढता येतं आणि कसबाला स्वतंत्र भाव मिळतो, हे या व्यवसायाचं मूळ गृहीतक.

दुसऱ्याच वर्षी, १९३४ मध्ये, 'द जंगल' या कादंबरीचे लेखक अप्टन सिंक्लेअर राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. मंदीचे दिवस होते आणि दारिद्र्य संपवण्याची त्यांची योजना लोकांना भावली होती. त्यांच्या विरोधकांच्या बाजूने ही जोडी कामाला लागली. त्यांनी सिंक्लेअर यांच्या पुस्तकांचा ढीग समोर घेतला आणि अडचणीची वाक्यं वेचून काढली. कादंबरीतलं एखादं पात्र लग्नसंस्थेवरचा आपला विश्वास उडाला असं म्हणतं. ते वाक्य सिंक्लेअर यांचं स्वतःचं मत म्हणून छापायचं! 'लॉस एंजेलिस टाइम्स'च्या पहिल्या पानावर अशा चौकटी रोज येत राहिल्या. सिंक्लेअर यांना सुमारे पावणेनऊ लाख मतं मिळाली, तरी ते पडले. पात्राचं वाक्य लेखकाच्या तोंडी घालणं, याला न्यायशास्त्रात चपखल नाव आहे : छल. ती अवतरणं गैरलागू होती, हे पुढे खुद्द बॅक्स्टर यांनी कबूल केलं. पण उद्दिष्ट एकच होतं, हा माणूस गव्हर्नर होता कामा नये.

आता घराकडे वळू. दोघांनी १९३८ मध्ये लग्न केलं. कंपनीचा अध्यक्ष कोण आणि उपाध्यक्ष कोण, हे ते दरवर्षी आलटूनपालटून ठरवत. नफा निम्मानिम्मा. त्या काळात बायकोला धंद्यात बरोबरीचा वाटा देणारी घरं किती होती? आणि कामाची पद्धतही पाहा. नवं काम आलं की दोघं काही दिवस स्वतःला कोंडून घेत आणि प्रचाराचा पूर्ण आराखडा लिहून काढत. तो झाला की आणखी एक आराखडा लिहीत, विरोधकांचा! आपण पलीकडच्या बाजूला असतो तर कसे लढलो असतो, ते कागदावर मांडत.

आपल्या परंपरेत याला पूर्वपक्ष म्हणतात. शास्त्रकार आधी विरोधकाचं म्हणणं त्याच्याहूनही नीट मांडतो, मग त्याला उत्तर देतो. म्हणजे या घरात, या दोघांच्या टेबलावर, शुद्ध वाद चालत होता. दोघं समान, एकमेकांची चूक दाखवायला मोकळे, दुसऱ्या बाजूची बळकट कारणं पूर्ण ठाऊक असलेले. फक्त तो पूर्वपक्ष कपाटात राहायचा. मतदाराला त्यातली एक ओळ कळायची नाही. त्याच्यासाठी ठेवलेले नियम वेगळेच होते : विषय सोपा करा, समजावत बसू नका, एक शत्रू समोर उभा करा, हल्ला चालू ठेवा. सामान्य माणसाला शिकायचं नसतं, त्याला एक तर झुंज हवी किंवा तमाशा, हा व्हिटेकर यांचा सिद्धांत.

आमच्या मते या व्यवसायाचं नैतिक कोडं इथे आहे. ही माणसं खोटारडी होती, असं म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. पती-पत्नीने एकमेकांना दिलेला मान, म्हणजे 'तुला दोन्ही बाजू कळतील, तू विचार करू शकतेस' हा विश्वास, त्यांनी श्रोत्याला नाकारला. खोटं बोलणं हा त्यापुढचा दोष झाला. आधीचा दोष ऐकणाऱ्याला आपल्या बरोबरीचं न मानणं हा.

याची किंमत किती मोठी असते, ते आरोग्य विम्याच्या प्रकरणात दिसतं. १९४२ साली त्यांनी अर्ल वॉरन यांना गव्हर्नरपद मिळवून दिलं होतं. १९४५ मध्ये त्याच वॉरन यांनी राज्यात सक्तीचा आरोग्य विमा सुचवला, तेव्हा डॉक्टरांच्या राज्यसंघटनेने या जोडीला विरोधासाठी नेमलं. विमा बारगळला. पुढे अध्यक्ष ट्रुमन यांची देशभराची योजना आली, तेव्हा अमेरिकन मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांकडून प्रत्येकी २५ डॉलर गोळा केले आणि यांनाच बोलावलं. त्यांनी 'समाजवादी वैद्यक' हा शब्द घरोघर पोहोचवला. ल्यूक फिल्ड्स यांचं १८९१ मधलं एक चित्र आहे, आजारी मुलाशेजारी रात्र काढणाऱ्या डॉक्टरचं. ते चित्र भित्तिपत्रकावर छापून त्यांनी बजावलं की, यात राजकारण आणू नका. ट्रुमन यांची योजना पडली. वृद्धांना सरकारी आरोग्य विमा मिळायला १९६५ उजाडलं.

इथे प्लेटोच्या 'गॉर्जियस' या संवादाची आठवण येते. गॉर्जियस हा वक्तृत्वाचा गुरू, त्याचा भाऊ वैद्य. गॉर्जियस सांगतो, औषध घ्यायला तयार नसलेल्या रोग्याला वैद्य पटवू शकला नाही, पण मी माझ्या कलेने पटवलं. सॉक्रेटिस त्याला छेडत राहतो की, ज्या विषयातलं तुला ज्ञान नाही त्यात तू ज्ञानी माणसापेक्षा प्रभावी ठरतोस, याचा अर्थ काय? १९४९ मध्ये तर वैद्यांनीच गॉर्जियसला पैसे देऊन बोलावलं, आणि पटवायचं काय, तर एक योजना नाकारायला.

१९३३ ते १९५५ या काळात त्यांनी ७५ पैकी ७० मोहिमा जिंकल्या असं सांगतात. पुढे कंपनी व्हिटेकर यांच्या पहिल्या लग्नाच्या मुलाकडे, धाकट्या क्लेमकडे गेली. १९६१ मध्ये व्हिटेकर वारले. बॅक्स्टर २००१ पर्यंत जगल्या. उत्तरायुष्यात त्यांनी एक काळजी बोलून दाखवली : ही तंत्रं तत्त्वनिष्ठ माणसांच्या हातीच राहायला हवीत, नाहीतर ती फार विध्वंसक ठरतील. पण तंत्र विक्रीला ठेवलं की गिऱ्हाइकाची तत्त्वं कोण तपासणार?

कुणी म्हणेल, मग जल्प अजिबात वाईटच का? न्यायसूत्रं तसं म्हणत नाहीत. ती म्हणतात, पेरलेलं उगवू लागलं की त्याभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसा जल्प आणि वितंडा यांचा उपयोग तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी आहे. म्हणजे काट्यांनाही काम आहे. अट एवढीच की आत रोप हवं. सेंट्रल व्हॅलीच्या वेळी या दोघांच्या कुंपणात कालव्याच्या पाण्याचं रोप होतं, असं म्हणता येईल. सिंक्लेअर यांच्या वेळी आत काय होतं?

तेव्हा पुढच्या वेळी प्रचाराचं एखादं वाक्य आपल्या मनात घर करू लागलं, की दोन गोष्टी विचारून पाहा. हा बोलणारा विरोधकाची बाजू अशी मांडू शकेल का, की तो विरोधकही 'हो, हेच माझं म्हणणं' म्हणेल? आणि मांडू शकत असेल, तर त्याने ती आपल्यापासून का लपवली?

पुढच्या व्याख्यानात निग्रहस्थानं घेऊ, म्हणजे माणूस वादात हरला हे कशावरून ठरवायचं ते.