जुन्या नंदीवर नवा रंग

श्रावणातील अमावास्येला बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या सौंसर-पांढुर्णा भागात मुलांचा तान्हा पोळा भरतो. पांढुर्ण्याचे नाव त्या दिवशी वर्तमानपत्रांत येते ते जाम नदीच्या पात्रातील गोटमारीमुळे. मुलांच्या या सौम्य सोहळ्याला बातमीत जागा उरत नाही. चाके लावलेल्या पाटावर उभा असलेला लाकडी नंदी, त्याच्या गळ्यात माळ, अंगावर झूल, आणि तो दोरीने ओढीत बोजारा मागायला दारोदार जाणारी मुले, असे त्याचे स्वरूप. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी ही प्रथा सुरू केल्याचे परंपरेने सांगतात. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मध्य प्रदेशात असून 2023 साली त्यांचा मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. पण घरची बोली आणि सण पाहिले तर राज्याची सीमा कोठे लागली हे कळूही नये.

तळहातावर मावेल एवढ्या नंदीपासून वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथे निघतात तशा माणसाहून मोठ्या नंदीपर्यंत या मूर्तींचे आकार असतात. चांगल्या सागवानी लाकडाचा नंदी दोन-तीन पिढ्या सहज टिकतो. त्यामुळे पुष्कळ घरांत तो दरवर्षी विकत आणीत नाहीत. माळ्यावरून उतरवतात, पुसतात आणि रंगाचा एक नवा हात देतात. घरातल्या मुलांच्या दृष्टीने रंगाच्या ओल्या वासानेच सण सुरू होतो.

अडचण उभी राहते ती हा नंदी विकायचा ठरल्यावर. घर बदलते, वाटण्या होतात, कधी पैशाची निकड असते. जुन्या लाकडी वस्तूंना शहरांतून गिऱ्हाईक असते, आणि नागपूर-इटारसी मार्गावरील पांढुर्णा किंवा छिंदवाडा-नागपूर मार्गावरील सौंसर ही गावे त्या गिऱ्हाइकाला दूर नाहीत. अशा वेळी घरातील कर्ता माणूस सद्भावनेने पहिली गोष्ट करतो ती ही, की जुना नंदी पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करतो, वर पांढराशुभ्र तैलरंग देतो, शिंगांना लाल आणि डोळ्यांना काळा रंग भरतो. वस्तू नवी दिसली म्हणजे दाम वाढेल हा त्यामागचा हिशेब. भोसल्यांच्या काळातला रुपया विकण्यापूर्वी चिंचेने घासून लखलखीत करणाऱ्या गृहिणीचाही हिशेब हाच असतो, आणि दोघांनाही तो सारखाच महाग पडतो.

रंगामुळे किंमत कशी चढते-उतरते याचा सर्वांत बारीक विचार जगात झाला आहे तो खेळण्यातल्या शिपायांच्या बाबतीत. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने 1893 साली शिशाचे पोकळ शिपाई ओतण्याची युक्ती काढली. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, बाहेरचा थर गोठताच आतला द्रव उलटून काढून घ्यायचा. त्याने शिपाई हलका झाला आणि स्वस्तही झाला. या कारखान्याच्या पलटणींत मुंबईचे भालाईत स्वार आणि मुंबईचे देशी पायदळही होते. 1966 साली शिशाचे शिपाई बंद झाले, आणि पूर्वी मुलांच्या हाती असलेली ही फौज संग्राहकांच्या कपाटात जाऊन बसली.

या बाजारात एक नियम पक्का आहे. कारखान्यातून निघताना चढलेला रंग अंगावर शाबूत असेल तर शिपायाला पूर्ण दाम. तो ठिकठिकाणी उडाला असला तरी बऱ्यापैकी दाम. आणि तोच शिपाई एखाद्या हौशी माणसाने कितीही सफाईने पुन्हा रंगवला, तर त्या दामाचा थोडासा अंश. नवख्याला हे विचित्र वाटते. टवके उडालेला शिपाई महाग आणि टवटवीत शिपाई स्वस्त, हा कोठला न्याय? पण संग्राहक येथे सौंदर्य विकत घेत नसतो, तो साक्ष विकत घेत असतो. गालांवरचे गुलाबी ठिपके, बंदुकीच्या दस्त्यावरील ब्रशाचा एकच फटकारा, ही त्या कारखान्याची आणि त्या वर्षांची सही होय. तिच्यावर दुसऱ्याने हात फिरवला की सही पुसली जाते. मूळ खोका आणि त्यावरील चिठ्ठी यांनाही मोल येते ते याच कारणाने.

मात्र याच कपाटात दुसरा कायदाही चालतो. काही लष्करी मूर्ती कारखान्यातून कोऱ्याच निघतात. त्या घेणाऱ्याने रंगवाव्यात अशीच योजना असते. तेथे नामांकित हाताने रंगवलेल्या मूर्तीला कोऱ्या मूर्तीहून कितीतरी अधिक किंमत येते आणि बेताच्या हाताने रंगवलेलीला कोऱ्याहूनही कमी. म्हणजे रंग चढवणे हे किमतीला तारक की मारक, याचे एकच उत्तर नाही. रंग कोणी द्यायचा होता, हे आधी विचारावे लागते. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर उभे राहणारे मातीचे मावळे हेही लष्करी खेळणेच. पण ते पावसाळ्यापर्यंत क्वचितच टिकतात, त्यामुळे त्यांच्या पुनर्विक्रीचा प्रश्न उद्भवत नाही.

आता नंदीकडे वळले म्हणजे गुंता ध्यानात येतो. शिशाच्या शिपायाला जन्मतः एकदाच रंग मिळतो. नंदीला तो दरवर्षी मिळावा अशीच रीत आहे. सुताराने दिलेला पहिला हात, आजोबांनी दिलेला दुसरा, मग वडिलांचा, अशा थरांनीच त्याचा इतिहास बनतो. हे थर म्हणजे विद्रूपीकरण असे शिपायांच्या संग्राहकाप्रमाणे म्हणणे नंदीच्या बाबतीत सरळ चूक ठरेल. देवमूर्तीवरील शेंदराचे थर हे याचेच मोठे उदाहरण. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे थर 2022 साली काढले गेले, तेव्हा आतील मूळ रूप उघडे झाले. लेप चढवणाऱ्या पिढ्यांनी ते बिघडवले नव्हते, झाकून राखले होते. म्हणून नंदीचा खरा घात नव्या रंगाने होत नाही, तो होतो नव्या रंगापूर्वीच्या घासण्याने. लाकूड दिसेपर्यंत घासलेल्या नंदीचे सर्व थर एका दुपारी नाहीसे होतात. शिवाय सुताराच्या पटाशीच्या खुणा, गळ्याखालच्या पोळीच्या रेघा, कानांची धार, सारे बोथट होते. त्यानंतर कितीही उत्तम रंग दिला तरी तो जुना नंदी राहत नाही. जुन्या लाकडाचा नवा नंदी होतो.

याचा अर्थ नव्याने रंगवलेल्या नंदीला गिऱ्हाईकच नाही असा नव्हे. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात बाजारात मुलासाठी नंदी घ्यायला आलेला बाप उंची, लाकूड आणि झगझगीत रंग पाहतो. त्याच्या दृष्टीने टवके उडालेला नंदी हा दोष, आणि त्याला विकायचा तर रंग देणे फायद्याचेच आहे. जुन्या वस्तू जमवणारा मात्र नेमकी ती झीज शोधीत येतो. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, फण्या अशा घरगुती वस्तू 1920 च्या सुमारापासून गोळा केल्या आणि 1975 साली तो सारा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. वापराने गुळगुळीत झालेल्या वस्तूला संग्रहालयात स्थान असते हे त्यांनी महाराष्ट्राला दाखवून दिले. आपला नंदी यांपैकी कोणत्या गिऱ्हाइकापुढे ठेवायचा हे ब्रश हातात घेण्यापूर्वी ठरले पाहिजे. पहिल्याला नको असेल तर दुसऱ्याकडे जाता येते; पण घासून रंगवल्यावर दुसऱ्याचे दार बंद झालेले असते.

जाणत्या खरेदीदारापासून नवा रंग लपत नाही. झिजलेल्या कडांवर, चाकांच्या घासलेल्या भोकांत आणि लाकडाच्या तड्यांत रंग उतरलेला असला, म्हणजे झीज आधीची आणि रंग नंतरचा हे उघड होते. नंदीच्या पांढऱ्या रंगात तर आणखी एक खूण आहे. आज सर्रास वापरात असलेला टायटॅनियमचा पांढरा रंग बाजारात आला तो 1920 च्या सुमारास. शंभर-सव्वाशे वर्षांचा म्हणून सांगितलेल्या नंदीच्या सर्वांत आतल्या थरात तो सापडला, तर एक तर नंदी तरुण आहे किंवा तो कधीतरी घासला गेला आहे. रंग सांगूनसवरून विकण्यात काही कमीपणा नाही. नव्याने रंगवलेली वस्तू मूळ रंगाची म्हणून विकणे मात्र 1930 च्या वस्तुविक्री कायद्याच्या कक्षेत येते, कारण वर्णन करून विकलेली वस्तू त्या वर्णनास उतरलीच पाहिजे. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर 1972 चा पुरावस्तू कायदाही विसरून चालत नाही: तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

किमतीच्या या चर्चेत एक गोष्ट पैशाहून मोठी आहे. जुन्या तैलरंगांत शिसे असे. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम देशात 2016 साली झाले आणि पुढल्या वर्षी अमलात आले. त्याआधीच्या डब्यांचा भरवसा देता येत नाही. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ अंगणात पसरते आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला मोठ्या माणसापेक्षा फार अधिक अपाय करते. तेव्हा जुना नंदी मुलाच्या शेजारी बसून घासणे हे कोणत्याही हिशेबाने वर्ज्यच आहे. ज्याचे पोपडे निघत आहेत असा नंदी लहान मुलाच्या हातीही देऊ नये.

रंग द्यावाच लागला तर मऊ कोरड्या ब्रशाने धूळ काढावी, सुटलेला रंग खरवडू नये, आणि काम सुरू करण्यापूर्वी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवावेत; पुढे विक्रीच्या वेळी ते फोटो वस्तूसोबत द्यावेत. तैलरंगाऐवजी पाण्याने निघणारा रंग वापरला तर सण झाल्यावर तो ओल्या कापडाने काढता येतो, मात्र आधी पोटाखालच्या कोपऱ्यात कापड लावून पाहावे. जुने डिंकातले रंग असतील तर तेही पाण्याबरोबर निघून येतात आणि तेथेच थांबावे लागते. काही घरांनी याहून सोपा मार्ग काढलेला दिसतो. थोरला नंदी पोळ्याच्या दिवशी पाटावर ठेवून नुसता हळदकुंकवाने पुजतात, आणि मुलाला ओढायला बाजारातून वीतभर उंचीचा नवा नंदी आणतात.